ढोले सरांचा वाफा आणि माझं फिनाइल

ढोले सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर पुस्तक निघतंय आणि त्यात मी लिहायचं, असं नातीने सांगितलं तेव्हा मी दिवसभर हसत होते. चौथी शिकलेली बाई मी. शेजारणीला दोनदा सांगून आले. नात अकोल्याला जठारपेठेत राहते, कागद तिनेच आणून दिला. तर लिहिते.

सरांची पहिली भेट आमच्या ओसरीवर झाली. आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. गावाला लागून रहीमभाईंचा हाडांचा कारखाना. ती वर्षं वाईट होती. ओळीने पिकं गेली, चारा नाही, गावोगावची ढोरं मेली आणि सगळ्यांची हाडं तिथे शिजायला आली. आमचा ढवळ्याही गेला, पण ते राहू द्या. वास असा की भाकरीलाही लागायचा. माझे मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले. घास तोंडापर्यंत नेत आणि ताट सरकवीत. कारखाना बंद करा म्हणावं, तर माझा लेक तिथेच कामाला. शेत तर पोसत नव्हतं.

पाहणीला आलेले साहेबलोक नाकाला रुमाल लावून गाडीतूनच परतत. सर अकोल्याच्या कॉलेजात शिकवीत. ते एस.टी.ने आले, मालकांच्या खाटेशी बसले आणि खिशातून रुमालही न काढता माझी भाकरी-भाजी जेवले. मालकांनी त्या दिवशी त्यांच्या सोबतीने दोन घास खाल्ले.

सरांनी कारखान्यामागे एक मोठा वाफा बांधला. खाली भोकं पाडलेले पाईप, वर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, तुकडे आणि कुजलेलं शेणखत. हाडं शिजवायच्या कढईची घाण हवा पंख्याने खालून सोडायची, ती वर येईपर्यंत खतातले डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यातला वास खाऊन टाकतात, असं त्यांनी रहीमभाईंना समजावलं. रहीमभाई थट्टेखोर. म्हणाले, "सर, खतातून हवा काढली त अत्तर निघन का?"

सर म्हणाले, "अत्तर नको. काहीच नाही निघालं तरी पुरे."

वाफा सतत ओला ठेवावा लागे. ते काम सरांनी मला दिलं. पाण्याची ओरड होती, तरी भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बाया आणून देत. महिनाभरात वास पुष्कळ उतरला. एका दुपारी मालकांनी आपणहून मिरचीचा ठेचा मागितला आणि अर्धी भाकरी खाल्ली. मला इतका आनंद झाला, की उरलेला थोडा वासही घालवावा वाटलं. बाजारातून फिनाइलच्या दोन बाटल्या आणल्या आणि वाफ्यावर ओतल्या. घाण वासाला आपण तेच तर करतो.

दोन दिवस फिनाइलचा वास होता. तिसऱ्या दिवशी जुना वास आला, आणि मालकांनी ताट सरकवलं.

सर आले. त्यांनी वाफ्यातलं मूठभर खत हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. गाव जमलं होतं. कोणी म्हणालं, "सर, तुमच्या किड्यायले अजीर्ण झालं काय?" सगळे हसले. सर म्हणाले, "चूक माझी आहे. मांडणी बसली नाही. पुन्हा लावतो." मी पदर तोंडात धरून उभी.

सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, काय घालायचं ते मी सांगितलं. काय घालू नये ते सांगितलं नाही." मग स्वतः धोतर खोचून नवं शेणखत टोपल्याने आणलं. पण फिनाइलने जुने जीव मेले होते, नवे काही एका दिवसात उभे राहत नाहीत. मालक तेवढे थांबले नाहीत. शेवटचे दिवस त्या वासातच, पाण्यावर गेले.

तेरवीच्या दिवशी अंगणात पंगत बसली आणि वास नव्हता. लोक पोटभर जेवले. सर मात्र पानासमोर हात बांधून बसलेले. भर घाणीत जेवलेला माणूस, त्या दिवशी घास उचलेना. मी म्हटलं, "सर, जेवा. तुमी जेवाले बसले का त्यायलेबी भूक लागत होती." मग जेवले. डोळे पुसत जेवले.

रहीमभाईंचा कारखाना आजही चालू आहे, वाफाही आहे. लेकाची नोकरी टिकली, नात शिकली. पण ढोले सरांचं पहिलं यंत्र फसलं होतं, असं गावात अजून म्हणतात आणि सरांनी ते कधी खोडलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहून देते. ते फसलं नव्हतं. मी मारलं होतं, माझ्या हाताने.

सर, तुम्हाला खूप वर्षं लाभोत, गुडघे धड राहोत, जेवण गोड लागो. ठेचा करून ठेवीन. ओसरीवर खाटेची जागा रिकामी आहे, तिथेच बसा. आणि ताटात काही ठेवू नका.