क्रेनची लेक

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे क्रेन म्हणत. नाव चेष्टेने ठेवलेलं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. मशीनमधून निघालेल्या ओल्या चादरींचा गठ्ठा बाकीच्या बायका दोघी मिळून ट्रॉलीवर चढवत. ही एकटी खाली वाकायची, गठ्ठा पोटाशी घ्यायची आणि उभी राहायची. धाप नाही, कुंथणं नाही, वर तोंडाने गप्पा चालूच. तिची आईही अशीच होती आणि मावशीही. आपण ताकदवान आहोत हे त्या घरातल्या बायकांना दुसऱ्या कुणी सांगितल्यावर कळायचं, आणि कळल्यावरही त्याचं त्यांना काही विशेष वाटायचं नाही.

विशेष वाटलं ते एका माणसाला. हा माणूस वेटलिफ्टर होता, म्हणजे होऊन गेला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामासाठी तो कुबडी घेऊन हॉस्पिटलात यायचा. लॉन्ड्रीच्या दारासमोरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायचा. तिथून त्याने तिला गठ्ठा उचलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘टाचा न उचलता पूर्ण खाली बसता येतं का तुम्हाला?’’ तिला वाटलं, गुडघ्याचं दुखणं आहे बिचाऱ्याला, दुसऱ्याचे गुडघे बघून बरं वाटत असेल. ती बसली. बसल्या बसल्या मशीनखाली गेलेला कपड्यांचा चिमटा हाताने ओढून काढला आणि उठली. मग त्याने तिचं मनगट अंगठा आणि बोट यांच्या कड्यात धरलं. ती लाजली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हात हातात घेतला होता. तो मनगटाचं हाड मोजत होता.

हे तिला कळलं लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, तेही चारचौघांत. आपल्या जिममध्ये पोरांना शरीराची ठेवण समजावून सांगताना तो तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, की मी बायको नाही केली, सांगाडा निवडला. मांड्या आखूड, मनगट जाड, कंबर लवचिक, असा सांगाडा औषधालाही सापडत नाही. पोरं खिदळली. तीही हसली, आणि घरी येऊन भांडी इतकी जोरात आदळली की शेजारीण विचारायला आली.

त्याला सगळे सर म्हणत. घरातही सरच. लेकीने लहानपणी एकदा ‘बाबा’ म्हटलं तर याने तिला तिथल्या तिथे वीस बैठका मारायला लावल्या. मुलगी झाली तेव्हा त्याने आधी तोंड पाडलं होतं. मग मुलगी उभी राहायला लागली, खाली पडलेलं खेळणं उचलायला आईसारखीच टाचा टेकून बसायला लागली, आणि याचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून तो येईल-जाईल त्याला सांगत सुटला, की पोरगी माझ्यावर गेली आहे, माझं रक्त आहे ते. क्रेन ऐकायची आणि गप्प बसायची. नवऱ्याचा तेवढा एक टेंभा होता, तो कशाला विझवा, असा तिचा साधा हिशेब.

एक मात्र खरं. शिकवायला माणूस चांगला होता. त्याचं जिम म्हणजे गॅरेजमागची एक शेड, तिथे लेकीने पहिलं वर्षभर हातात नुसता झाडूचा दांडा धरला. बार अंगाला घासून वर कसा न्यायचा, डोक्यावर तोलताना खांदे कुठे ठेवायचे, हे त्याने तिच्या अंगात इतकं मुरवलं की ती झोपेतही चुकली नसती. लोखंड हातात आलं तेव्हा तिने मोठ्या मुलींना मागे टाकलं. बार खाली टाकून ती हसायची ते बघायला क्रेन सुट्टी काढून स्पर्धेला जायची. आपल्या घरातल्या ताकदीला कुणी टाळ्या वाजवतं, हे तिने तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

मग दुसऱ्या एका शहरातली मुलगी आली आणि तिने लेकीला लागोपाठ हरवलं. नुसतं हरवलं नाही, आधीच जिंकली म्हणून शेवटची उचल करायचीही तसदी घेतली नाही. सर घरी आले ते तोंडात कुणीतरी मारल्यासारखे. थोड्याच दिवसांत स्वयंपाकघरातल्या फळीवर एक बिनलेबलाची बरणी आली. व्हिटॅमिन, असं सरांनी सांगितलं.

बार वर जायला लागला. लेक आरशासमोर उभी राहून दंड बघायला लागली. क्रेनला आधी खटकला तो तिचा आवाज. सर्दी झाली असेल म्हणून तिने वाफ दिली. सर्दी गेली नाही, कारण ती सर्दी नव्हतीच. मग हनुवटी. पोरगी न्हाणीघरात बापाचं रेझर वापरते हे साबणावर चिकटलेल्या केसांवरून कळलं. आणि मग फडताळातलं पॅडचं पाकीट. आईने आणून ठेवलेलं, तसंच्या तसं, वरचा प्लॅस्टिकचा कागदही न फाडलेलं. दुसरा महिना गेला, तिसरा गेला, पाकीट तसंच.

तिने नवऱ्याला विचारलं. सर म्हणाले, जड ट्रेनिंगने सगळ्याच मुलींची थांबते, तू लॉन्ड्री सांभाळ. तिने लॉन्ड्री सांभाळली. बरणीतली एक गोळी पदराच्या टोकाला बांधून नेली आणि हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीतल्या बाईला दाखवली. त्या बाईने गोळी उलटीपालटी केली, गोळीवरचा छाप पाहिला आणि विचारलं, घरात कुणा पुरुषाला काही आजार आहे का. नाही म्हटल्यावर तिने खिडकीबाहेर वाकून हळू आवाजात सांगितलं, की हे बाईच्या पोटात गेलं तर बाईपण खाऊन टाकतं. बंद केल्यावर पाळी बहुतेक परत येते, पण किती उशीर झाला आहे त्यावर ते असतं. आवाज मात्र गेला तो गेला.

क्रेन तडक शेडमध्ये गेली. सर एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला वाकवत होते. पोरांसमोरच तिने बरणीचं नाव काढलं. सरांनी पोरांना बाहेर काढलं, दार लावलं आणि अगदी शांतपणे, शिकवतात तशा आवाजात म्हणाले, ‘‘तुझ्या पोरीत जे आहे ते आहे. पण पुरेसं नाही. समोरची घेते, तिच्या मागचीही घेते. मी न देता तिला उभी करू म्हणतेस? ते म्हणजे पाय बांधून पळवणं झालं.’’

क्रेन त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ‘माझं रक्त’ होतं ते कमी पडल्याबरोबर ‘तुझी पोरगी’ झालं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण त्याहून मोठा दणका पुढे होता. कोपऱ्यातल्या बाकावर लेक बसली होती, हाताला खडूची पूड चोळत. ती म्हणाली, ‘‘आई, मला माहीत आहे ते काय आहे. मीच मागितलं. तू मध्ये पडू नकोस.’’ तो जाड, फुटका आवाज ऐकून क्रेनला रडू आलं. लेकीला वाटलं, आई नाटक करते आहे. ती तोंड फिरवून बारकडे गेली.

आता पोरगी सज्ञान होती. बरणी फोडली तर दुसरी येणार. क्रेनने समजावलं, मग ओरडली, मग दोन दिवस जेवली नाही. बापलेकींनी तिची उपाशी बसण्याची दखलच घेतली नाही, लेकीचं वजनगटात बसण्यासाठी पथ्य चालू होतं, ताटं तशीही कमीच लागत. पाकीट फडताळात तसंच होतं.

शेडच्या दारामागे एक पोस्टर होतं. खेळाच्या संघटनेने ते प्रत्येक जिममध्ये लावायची सक्ती केली होती, म्हणून सरांनी दार उघडलं की झाकलं जाईल अशा बेताने ते लावलं होतं. कुणी उत्तेजक घेत असेल तर या नंबरवर कळवा, नाव गुप्त राहील. क्रेनने दार लावून नंबर वाचला. लॉन्ड्रीच्या मागे, गरम पाइपांच्या खोलीत उभं राहून फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, खेळाडूशी तुमचा काय संबंध. ती म्हणाली, आई आहे.

मोठ्या स्पर्धेत लेकीने सोनं उचललं. समोरची मुलगी दुसरी आली. क्रेन प्रेक्षकांत बसली होती, टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मेडल गळ्यात पडायच्या आतच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, उत्तेजक तपासणीच्या पथकातली एक बाई लेकीजवळ येऊन उभी राहिली आणि तिथून पुढे क्षणभरही तिच्यापासून हलली नाही.

सर घाबरले नव्हते. गोळ्या त्यांनी आधीच बंद केल्या होत्या. त्यांच्या वेळी पंधरा दिवसांत सगळं धुऊन निघायचं, तेवढंच ज्ञान शिदोरी म्हणून त्यांनी आजवर वाहिलं होतं. वर खात्री म्हणून त्यांनी लेकीला पाणी पाजलं. बाटलीमागून बाटली, डोळे पांढरे होईपर्यंत. तिथेच पठ्ठ्या फसला. लघवी इतकी पातळ आली की तपासणाऱ्यांनी ती चालणार नाही असं सांगितलं आणि दाट येईपर्यंत पोरीला खुर्चीत बसवून ठेवलं. ओळखपत्रवाली बाई समोर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिली. शेवटची चालली. सर बाहेर येरझाऱ्या घालत होते, आणि जगातलं सगळं पाणी आपणच पोरीच्या घशात ओतलं हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

निकाल आला. मेडल काढून घेतलं, चार वर्षं बंदी. चौकशीत लेकीने सांगितलं, मी स्वतःच घेतलं, सरांना काही माहीत नव्हतं. बापाला वाचवायला पोरगी खोटं बोलली. आणि बापाने ते खोटं झेललं. कानांवर हात ठेवले. पत्रकारांसमोर मान हलवत म्हणाले, मी मेहनत शिकवतो, झटपट यशाची हाव माझ्या रक्तात नाही, ती तिच्या आईकडून आली असावी. शेड चालूच राहिली. शिक्षा खेळाडूला होते, खेळाडू घडवणाऱ्याला ती द्यायची तर कुणीतरी बोट दाखवावं लागतं, आणि दाखवणारीनेच तोंड शिवून घेतलं होतं. तिच्या जबाबापुढे आईच्या फोनला किंमत नव्हती.

ते पेपरात आलं त्या संध्याकाळी क्रेनने नवऱ्याचे कपडे, बूट आणि भिंतीवरचे फोटो लॉन्ड्रीच्या पिशवीत भरले आणि पिशवी शेडच्या दारात नेऊन टाकली. सर काहीतरी बोलायला पुढे आले. तिने नुसतं बघितलं. सर बाजूला झाले.

मग घरी येऊन तिने लेकीला सांगितलं. आडपडदा न ठेवता. ‘‘फोन मी केला होता.’’

लेकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. म्हणाली, तू आई नाहीस. म्हणाली, तुला जळत होतं, तू जन्मभर घाणेरड्या चादरी उचलल्यास आणि मी सोनं उचललं ते तुला बघवलं नाही. क्रेनने सगळं ऐकून घेतलं. फडताळातलं न फोडलेलं पाकीट एवढं एकच उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते लेकीला या घडीला शिवीसारखं लागलं असतं.

बंदी घातलेल्या खेळाडूला जिममध्ये उभं करायचं नाही, असा नियम होता. तो सरांनी अगदी काटेकोर पाळला. म्हणून लेक घरात राहिली, पण घरात असून नसल्यासारखी. आई कामावरून आली की उठून आतल्या खोलीत जायची. आई झोपली की जेवायची. दंड ओसरत गेले. शेजारणी क्रेनला म्हणाल्या, अगं, कुणी आपल्या पोरीचं असं करतं का? संघटनेतल्या एका माणसाने तिला धीट म्हटलं. धीट वगैरे ती नव्हती. ती रोज सकाळी न्हाणीघरात जायची, फडताळाकडे बघायची आणि कामाला निघायची. उशीर झाला असेल तर, हा विचार गठ्ठा उचलताना तिच्या छातीत अडकायचा, आणि हल्ली तिला धाप लागायला लागली होती.

एका रविवारी ती अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. न्हाणीघराचं दार जोरात उघडलं. लेक बाहेर आली. किती महिन्यांनी ती आईसमोर अशी सरळ उभी राहिली होती. चेहरा पांढरा, जबडा आवळलेला, आणि डोळ्यांत तोच राग, तसूभरही कमी न झालेला.

‘‘आली,’’ ती तिच्या पुरुषी आवाजात म्हणाली. ‘‘झालं तुझ्या मनासारखं. आता खूश?’’

क्रेनच्या हातातली ओली चादर खाली घसरली. तिला लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिने तसं केलं नाही. लेकीच्या डोळ्यांतला तो सगळा राग तिने सरळ बघून घेतला.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘खूश आहे.’’

लेक आत गेली. दार आपटलं नाही. क्रेनने चादर पुन्हा पिळली आणि दोरीवर टाकली.