फ्लॉपीवरचं कुंकू

बेलापूरच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत मी संगणकावर कामाला होते. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. काम सोपं होतं. हाकेसरशी येणाऱ्या रक्तदात्यांची नावं, गट, पत्ते मशीनमध्ये भरायचे आणि संध्याकाळी सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं. वीज कधीही जायची आणि यूपीएसचा अर्ज साहेबांच्या टेबलावर मुरत पडला होता. दात्यांची जुनी कार्डं मीच रद्दीत घालायला लावली. शहाणपण उतू चाललं होतं, दुसरं काय!

खंडेनवमीला पूजा झाली. कात्र्या, स्ट्रेचर, फ्रीज, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग फ्लॉप्यांनीच काय घोडं मारलं होतं? मी त्या कागदी पाकिटांतून काढून ओळीने मांडल्या आणि ओल्या बोटाने प्रत्येकीच्या मधल्या भोकाखाली ठसठशीत कुंकू लावलं. त्या मोठ्या, लवचीक फ्लॉप्यांची आतली चकती नेमकी तिथेच उघडी असते. तिथे बोट लावायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. पूजेच्या गडबडीत ते आठवलं नाही.

दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी नावं भरताना वीज गेली. अर्ध्या तासाने आली, पण अर्धवट लिहिलेली फाइल उघडेना. एकेक करून फ्लॉप्या घातल्या. एकही वाचली जाईना.

तेवढ्यात जवळच्या दिवाळे गावातली एक मासळीवाली दारात आली. तिची मुलगी वरच्या मजल्यावर बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती.

"बाय, तुझ्या मशिनीत नावं हायत ना?"

"होती," मी म्हणाले.

"मंग बघ ना."

मी पुन्हा फ्लॉपी घातली. ती समोर उभी असताना हात थांबवायची हिंमत नव्हती. सगळी नावं मीच टाइप केलेली, पण त्या गटाचं एकही आठवेना. मुंबईहून बाटली यायला संध्याकाळ झाली. तोवर मुलगी गेली होती. बाळ वाचलं.

सगळ्यांनी विजेला दोष दिला. कुंकवाचं मी कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होतीच, पण भीती जास्त होती.

दिवाळीच्या आधी एक गृहस्थ रक्त द्यायला आले. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत राहायचे. गट विचारला, तर ओ निगेटिव्ह.

"नाव आहे माझं तुमच्याकडे," ते म्हणाले. "दसऱ्यापासून सुटीवर घरीच आहे. बोलावलंच नाहीत कधी."

मी त्यांना पुन्हा नाव विचारलं.