अक्काच्या कॅलिपरच्या पट्ट्या

जळगावच्या एमआयडीसीत मी वीस वर्षं चटईचा प्लास्टिक दाणा बनवला. मग शेठने नवीन काम आणलं. कुठल्याशा कारखान्यात उरलेली कार्बनच्या धाग्यांच्या कापडाची कातरण भट्टीत घालून तिच्यावरची राळ जाळून काढायची, बारीक कापायची आणि नायलॉनमध्ये मिसळायची. लोखंडाच्या जागी चालेल असा हलका माल होतो म्हणे. त्याची काळी कुसं अंगात शिरायची, दिवसभर खाज. घरी पाठ खाजवून द्यायलाही कोणी नाही. लग्नाचं राहूनच गेलं.

माझं म्हणून माणूस एकच, माझी थोरली बहीण अक्का. धुळ्याला देवपुरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, कॅलिपर. दर रविवारी मी एसटीने जायचो, हात धरून तिला जिना उतरवायचो, पांझरा नदीच्या काठाने फिरवून आणायचो. बाकीचे सहा दिवस त्या एका दिवसावर काढायचो, खोटं कशाला बोलू?

तिच्या पायावरचं ओझं कमी व्हावं म्हणून शेठला विचारून नव्या मालाच्या पट्ट्या काढल्या. धुळ्यातल्या कॅलिपरवाल्याने त्या लोखंडाच्या जागी बसवल्या. तिसऱ्याच पायरीवर एक कडकन मोडली. मी धरलं म्हणून अक्का वाचली.

"मारतोस का रे मला?"

चूक माझीच. चटईचा दाणा आम्ही कधी वाळवत नाही, उघड्या पोत्यातला तसाच मशीनमध्ये ओततो. नायलॉन मात्र हवेतलं पाणी पितो आणि माल ठिसूळ होतो. पोत्यावरच्या कागदात लिहिलं होतं. पण वीस वर्षांचा अनुभव ना माझा, कागद कोण वाचतो! पुढच्या खेपेला दाणा दिवसभर गरम हवेत वाळवला. पट्ट्या दोन विटांवर आडव्या टाकून त्यांच्यावर मीच नाचलो. जराशा वाकल्या, मोडल्या नाहीत.

त्या रविवारी अक्का कठडा धरून एकटीच जिना उतरली. मी हात पुढे करून शेजारी चाललो होतो. तिने तो धरलाच नाही. खाली पोचल्यावर पोरीसारखी हसली.

शुक्रवारी तिचा फोन आला. "बठ्ठं ठीक शे, सगळं बरं चाललंय. रोज पुलापर्यंत जाते. आता दर रविवारी धावत नको येऊ, तूही थकतोस."

मी बरं म्हटलं.

रविवारी सवयीने आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुपारपर्यंत खाटेवर बसून राहिलो. एखादी पट्टी पुन्हा मोडावी, असं मनात येऊन गेलं. लाज वाटली. पण आलं होतं.