चोख छपाई
नवी कोरी नोट हाताला लागली की मला दवाखान्यातली ती खिडकी आठवते. वडिलांनी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये आयुष्यभर नोटांची छपाई तपासली होती. त्यांच्या जिभेला कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा सीटी स्कॅनची फिल्मही त्यांनी सवयीनं दवाखान्याच्या खिडकीशी उजेडात धरली. दातावरच्या धातूच्या टोपीमुळे तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "छपाईच खराब आहे रे, हा कागद बाद," म्हणत ते जवळजवळ खुशीत हसले. गाठ किती खोल आहे ते डॉक्टरांनाही कळेना, म्हणून त्यांनी एमआरआय काढायला सांगितला. दोन दिवसांनी वडिलांनी ती फिल्म त्याच खिडकीशी धरली. रेघ एकही नव्हती. गाठ मात्र जिभेच्या मुळापर्यंत स्वच्छ दिसत होती. बराच वेळ बघून ते शांतपणे म्हणाले, "ही चोख आहे." तेव्हापासून नोट खरी की खोटी, हे मी उजेडात धरून बघत नाही.