मोबाईलला लावलेला कौल

लालबागला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. दर शनिवारी दुपारी तिथे मी आठ-दहा बायकांना मोबाईलवर माहिती कशी शोधायची ते शिकवते. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. मी दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. बायकांना वाटतं, मी समाजसेवा करते. तसं काही नाही. जे मला घरात वेळेवर शिकवता आलं नाही ते मी आता परक्यांना शिकवते आहे, आणि हे त्यांना सांगायची माझ्यात अजून हिंमत नाही.

माझी पहिली विद्यार्थिनी आई. माझा जुना मोबाईल मी तिला दिला आणि महिनाभरात ती तयार झाली. माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, वर येईल ते उघडायचं. सातवी पास बाई, पण कढीपत्त्यावरची कीड ते रेशन कार्डावरचं नाव, काहीही शोधायची. मी शेजारीपाजारी तिचं कौतुक सांगत फिरत होते. खरं तर ते माझंच कौतुक होतं.

आईचं माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. तिच्या गावी मोठा पेच पडला की देवळात कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे कोण, कुठला, अडचण काय ते सगळं देवाच्या कानावर घालतो, आणि मग विचारतो, अमुक केलं तर चालेल का? चालणार असेल तर उजवी दे. उजवी पाकळी पडली की विषय संपला. आई मोबाईलशी अगदी असंच बोलायची. आधी आमचं खानदान, मग दुखणं, आणि शेवटी तिच्या मनात आधीच ठरलेला प्रश्न. तेही शुद्ध मराठीत, कारण मोबाईलला मालवणी कळत नाही असं तिने दोन दिवसांतच ताडलं होतं.

गावचा देव निदान अधूनमधून डावा कौल देतो. मोबाईल देत नाही. ज्या शब्दांत विचाराल ते शब्द जिथे सापडतील ती पानं तो पुढ्यात आणून टाकतो. लसूण खाऊन गुडघा बरा होतो का, असं विचारलं की लसणाने बऱ्या झालेल्या गुडघ्यांची रांग लागते. उत्तर प्रश्नातच घालून विचारू नका, हे मी कॉलेजात दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना घसा फोडून सांगते. आईच्या बाबतीत मला त्याची गंमत वाटली. म्हटलं, लसूण खाऊन कोण मरतंय.

मग बाबांचा अंगठा काळा पडला. बाबांना साखर आहे. चपलेने पायाचा अंगठा कापला होता, ती जखम भरली नाही. परळला हॉस्पिटलमध्ये आम्ही तिघं गेलो. बाबा गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले ते गेलेच. त्यामुळे डॉक्टर माझ्याशी बोलले. अंगठा काढावा लागेल, दोन दिवसांत दाखल करा, थांबलात तर वर चढेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी विचारलं, काय म्हणतात? आई त्यांच्या कानाशी ओरडली की पट्टी बदलत राहायची म्हणतात. मी गप्प राहिले. आमच्याकडे आजाऱ्याला अर्धंच सांगायची रीत आहे, उगाच घाबरतो म्हणून. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही.

घरी आल्या आल्या आईने मोबाईलपुढे गाऱ्हाणं घातलं. आमचे हे अमुक वर्षांचे, लालबागला राहतो, साखर आहे, डॉक्टर अंगठा कापायला सांगतात, तर न कापता बरा होईल का? झाला की. न कापता बरे झालेले अंगठे भराभर हजर झाले. एक पांढऱ्या सदऱ्यातला गृहस्थ कुठल्याशा पाल्याचा लेप लावून दाखवत होता आणि खाली त्याच्याच लेपाच्या डब्यांची जाहिरात होती. आईला ती जाहिरात दिसली नाही. तिला त्याचा शांत आवाज तेवढा ऐकू आला.

"मी इचारलंय," ती मला म्हणाली. "तो म्हणता, कापूची गरज नाय. आठ दिवस बघूया गो."

मी चिडले, तिला वेडी म्हटलं, मोबाईल हिसकावून घेतला आणि परतही दिला. तिचं ऐकायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पुढच्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती. सगळी रजिस्टरं माझ्या गळ्यात, आणि प्राचार्यांनी कुणालाही रजा मिळणार नाही असं बजावलेलं. आठ दिवस मलाही हवेच होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालयातल्या संगणकावर बसले. त्यावर माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे, माहिती कोणी दिली ते आधी पाहा. त्या चिठ्ठीखाली बसून मी इंग्रजीत विचारलं की मधुमेह असताना अंगठ्याची शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली तर चालते का. पहिली तीन पानं नाही म्हणत होती. ती मी उघडून मिटली. चौथ्या ठिकाणी परदेशातल्या कुणा माणसाने लिहिलं होतं, मी तीन आठवडे थांबलो, काही झालं नाही. पुढच्या ओळीत त्याने सांगितलं होतं की त्याचं नख आत वळलं होतं, तेवढंच कापायचं होतं. ती ओळ मी वाचली. वाचली नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण वाचली होती. मग डबा उघडून जेवले.

संध्याकाळी आईला सांगितलं की आठ दिवस बघ, मग मात्र माझं ऐकायचं. ती इतकी खूश झाली की तिने माझ्यासाठी घावणे केले.

सहाव्या दिवशी बाबांना ताप चढला. पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला आणि खोलीत वास सुटला. टॅक्सीने नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणाले. या वेळी त्यांनी ते बाबांसाठी मोठ्या अक्षरांत मराठीत कागदावर लिहिलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि पेन मागितलं. त्याच आठवड्यात समिती येऊन गेली आणि माझ्या रजिस्टरांना तिने हातही लावला नाही.

आईने मोबाईल कपाटात टाकला तो अजून बाहेर काढलेला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, माझ्यामुळे झालं. लोक तिची समजूत काढायचे, मीही काढायचे, असू दे गं, तुला काय माहीत. चार महिने मी हे तोंड वर करून बोलत होते. आज लिहितानाही लाज वाटते.

शनिवारचा वर्ग त्याच दिवसांत सुरू केला. बायकांना सांगते, गोष्ट सांगत बसू नका, मोजके शब्द टाका. दुखण्याचं नाव डॉक्टरांच्या कागदावर बघून टाका. उपायाचा फायदा शोधलात तर त्याचा धोकाही शोधा. लिहिणारा काही विकतो का बघा, कधी लिहिलंय बघा, आणि पान शेवटपर्यंत वाचा. शेवटचं सांगताना माझा आवाज उगाच चढतो. एक आजी म्हणाल्या, बाई, एवढी मेहनत करायची तर सरळ डॉक्टरलाच का विचारू नये? बाकीच्या हसल्या.

मागच्या रविवारी दुपारी मी बाबांसाठी कृत्रिम पायाची माहिती काढत होते, या वेळी तीन ठिकाणी पडताळून आणि कागदावर टिपून घेत. बाबा खुर्चीत होते. आई शेजारी मटार सोलत होती. बोलता बोलता ती पुन्हा म्हणाली, माझ्यामुळे. आणि माझा संयम सुटला. मी तिला सगळं सांगितलं, समितीचं, चौथ्या पानाचं, नखाचं. तू निदान विश्वासाने थांबलीस, मी सगळं कळून थांबले, असंही म्हणाले. बाबांमुळे आमच्या घरात मोठ्याने बोलायची सवय आहे. मी रडत होते आणि ओरडत होते, त्यामुळे त्यांना बरंच ऐकू गेलं असावं.

त्यांनी विचारलं, अंगठो? कसलो अंगठो?

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदा नुसता अंगठा काढायचा होता, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी जखम होती, पट्टी होती आणि एक दिवस पाय काढायची वेळ आली. मी त्यांच्या कानाशी जाऊन, डॉक्टर दोन दिवसांत दाखल करा म्हणाले होते इथपासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, साच्यात बोटं गेलेली किती माणसं त्यांनी पाहिली होती, पंधरवड्यात परत कामावर यायची. अंगठाच ना, त्याच दिवशी सही केली असती.

त्यांनी उरलेल्या पायावरून हात फिरवला. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला तो आवाज सहन झाला नाही.

"पाय माझो होतो," ते म्हणाले. "तुमी दोघींनी मोबाईलाक इचारलास. माका कोणी इचारूकच नाय."