लाईनभाऊंचा सल्ला

टेलिफोन खात्याचा पगार घेऊन लोकांना 'फोन परत करून टाका' म्हणून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे लाईनभाऊ. खरं नाव यशवंत, पण गोंदियाकडच्या आमच्या गोरेगाव तालुक्यात त्या नावाने त्यांना कुणी ओळखलं नसतं. खात्यात लाईनमन होते आणि स्वभावाने सगळ्यांचे भाऊ, म्हणून लाईनभाऊ. उंच, सडसडीत, सावळा माणूस. खांद्यावर काळ्या तारेचं वेटोळं आणि सायकलच्या हँडलला पक्कड-पेचकसाची पिशवी. कुणाच्या घरी गेले की आधी रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि थोडा वेळ नुसतं ऐकायचे. वैद्याने नाडी धरावी तसं. मग म्हणायचे, "लाईन निरोगी हाये." किंवा, "सर्दी झाली हाये हिले. पावसाचं पानी गेलं जॉइंटात."

माझं तेव्हा एसटी स्टँडजवळ एसटीडी-पीसीओचं बूथ होतं. लाईनभाऊंचा बसायचा अड्डा तोच. ते मला 'बूथवाले' म्हणायचे, माझं नावही त्यांनी कधी घेतलं नाही. सकाळी घरी बुद्धवंदना आटोपून निघायचे ते थेट माझ्या बाकावर. तिथूनच त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

फोन ही मोठी गोष्ट होती त्या काळात. अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. आणि ज्या दिवशी लाईनभाऊ घरी तार घेऊन यायचे त्या दिवशी त्या घरी लग्नासारखी धांदल. फोनला हार, हळदकुंकू, वर क्रोशाचा रुमाल. म्हातारी माणसं रिसीव्हर धरून अशी ओरडायची की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये. लाईनभाऊ हळूच सांगायचे, "बाबाजी, जोरात बोलू नका. तारेले कान हायेत." म्हातारे लगेच कुजबुजायला लागायचे.

मग मोबाईल आले. आधी गोंदियात, मग गोरेगावातही टॉवर उभा राहिला. पीसीओ ओस पडू लागला तसा मी बूथच्या काचेवर रंगीत कागद चिकटवून सिम कार्डं आणि रिचार्जची कुपनं विकायला लागलो. लोक पार गोंधळून गेले होते. घरच्या फोनला बोला की न बोला, महिन्याचं भाडं भरावंच लागे. मोबाईलमध्ये पुन्हा दोन तऱ्हा. एक बिलाचा, त्याला फॉर्म, डिपॉझिट, कागदपत्रं. दुसरा प्रीपेड, त्याला ना करार ना बिल, पाहिजे तेव्हा भरा, नको तेव्हा सोडून द्या. नेमकं काय घ्यावं? मी विकणारा, माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार! लोक बाकावर बसलेल्या लाईनभाऊंकडे वळायचे.

लाईनभाऊ लगेच उत्तर द्यायचे नाहीत. उलट विचारायचे, "तुमाले फोन कोन करते? तुमी कोनाले करता? दिवसा घरी कोन राहते?" धानाच्या व्यापाऱ्याला त्यांनी सांगितलं, "तुमचा घरचा नंबर साऱ्या बाजाराले पाठ हाये, तो सोडू नका." ट्रकवाल्याला सांगितलं, "तू घरी राहतच नाहीस गा. घरचा फोन परत कर, प्रीपेड घे." एक मास्तर होते, त्यांना बिलाचाच मोबाईल हवा होता. लाईनभाऊंनी विचारलं, "गुरुजी, तुमी बोलता किती?" गुरुजी म्हणाले, "बोलत नाही फारसं. पण बिल आलं की पोस्टमन घरी येतो, शेजारी पाहतात." लाईनभाऊ गंभीरपणे म्हणाले, "मंग बिलाचाच घ्या. पोस्टमनले चहा पाजजा."

तालुक्यात फोन परत करणाऱ्यांची रांग वाढली तेव्हा गोंदियाच्या ऑफिसातून त्यांना बोलावणं आलं. साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं. खात्याचं खाता आणि खात्यालाच बुडवता, बदली कुठे करू सांगा, अशी भाषा. परत येऊन बाकावर बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणालात मग तुम्ही?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, ज्याले फोन ठेवाचा त्याले मी ठेव म्हनतो, आनं तो ठेवते. काऊन ठेवते? ज्याले नको त्याले नको म्हनून सांगतो म्हनून."

बदली झाली नाही, पण धाक राहिला. दोन मुली शिकत होत्या. घरी वहिनी चिडायच्या. माझ्यासमोरच एकदा म्हणाल्या, "लोकायच्या घरचं भाडं वाचवून राहिले, आनं आपली भाकर जाऊन राहिली तिकडे ध्यान नाही." लाईनभाऊ खाली मान घालून हसले. पण दुसऱ्या दिवशी बाकावर माणसं आली तेव्हा त्यांनी पुन्हा तेच केलं.

गोरेगावपासून जवळच्या एका गावात पटलेबाबा आणि पटलेमाय राहत. पोवार समाजाचं घर, पाच-सहा एकर धानाचं शेत, एकुलती एक मुलगी सुनीता मध्य प्रदेशात बालाघाटकडे दिलेली. त्यांच्या घरी फोन लाईनभाऊंनीच लावला होता. बांधाबांधाने खांब रोवत तार नेली होती. पण पावसाळा लागला की ती तार हमखास मुकी व्हायची. एक दिवस पटलेबाबा बाजाराला आले आणि त्यांनी सल्ला विचारला. लाईनभाऊंनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बाबाजी, अर्धं वर्ष तर तुमचा फोन बंदच राहते. भाडं मात्र बारा महिने. परत करून टाका. प्रीपेड घ्या. तुमाले कोनाले लावाचं नाही, पोरीचा येईन तेवढा उचलाचा."

सिम माझ्याच दुकानातून गेलं. लाईनभाऊ स्वतः घरी जाऊन शिकवून आले. हिरवं बटण कोणतं ते लक्षात राहावं म्हणून पटलेमायने त्यावर कुंकवाचं बोट लावलं, हे ते कितीतरी दिवस कौतुकाने सांगत होते.

पुढच्या पावसाळ्यात सुनीताला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं ठरलेलं. पण गावात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली होती. मजूर मिळत नव्हते, पटलेमाय स्वतः चिखलात उतरली होती. ती मुलीला म्हणाली, "रोवना आटोपला का मी सोता न्याले येतो." आणि दिवस भरायच्या आधीच सुनीताला कळा सुरू झाल्या.

जावयाने दिवसभर फोन लावला. तो लागलाच नाही. रिचार्जची मुदत संपली होती. त्या वेळच्या प्रीपेडची रीतच ती होती. मुदत संपली आणि पुन्हा भरलं नाही, की काही दिवसांनी येणारे फोनही बंद. पटले म्हातारा-म्हातारी कधी कुणाला फोन लावतच नव्हते, त्यामुळे तो बंद पडला हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. दिवा लागत होता, रेंजच्या काड्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी जावयाचा भाऊ मोटरसायकलने येऊन बांधावर उभा राहिला तेव्हा समजलं. दोघं तिकडे पोचले तोवर बाळ गेलेलं होतं. मुलगी वाचली. पण आईला पाहून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. रोवणीत व्यत्यय नको म्हणून आईने फोन बंद ठेवला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पटलेमाय दवाखान्याच्या ओसरीत बसून राहिली आणि तशीच परत आली.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पटलेबाबांनी हे लाईनभाऊंना सांगितलं. दोष एका शब्दाने दिला नाही. नुसतं विचारलं, "भाऊ, हे बंद कायले पडलं असंन?" लाईनभाऊंनी फोन हातात घेतला, पाहिला. पटलेबाबा गेल्यावर मला म्हणाले, "बूथवाले, मी सारं इचारलं. भरनारा कोन हाये, हे इचारलं नाही."

मी म्हटलं, "भाऊ, यात तुमचा काय दोष? विकणारा मी होतो."

"तुमाले त्यायनं कुठं इचारलं होतं? मले इचारलं होतं."

ते त्या दुपारी पटल्यांच्या घरी गेले. परत आले ते वेगळंच काही ठरवून. पुढच्या रविवारी मला सोबत घेऊन बालाघाटची गाडी धरली. सुनीताच्या सासरी ओसरीवर आम्हाला पाणी दिलं. जावई घुश्श्यातच होता. "अब क्या समझाने आये हो?" म्हणाला. सुनीता आतल्या दाराशी उभी होती, अशक्त, डोक्यावर पदर. लाईनभाऊ उठून उभे राहिले. हात जोडले.

"बाई, फोन तुह्या मायनं बंद नोयता केला. तिनं प्लास्टिकच्या पन्नीत बांधून कमरेले खोसला होता. गुडघाभर चिखलात रोवना करत होती आनं घडीघडी हात लावून पाहत होती. कालपरवा मी गेलो त मले ते पन्नी दाखवली तिनं. फोन मुदत संपून बंद पडला. तो फोन घ्या म्हनून सांगनारा मी. मुदतीचं सांगाले इसरनारा बी मीच. तुले रागवाचं असंन त माह्यावर रागव."

आत कुठेतरी कुकरची शिटी झाली. सुनीताने विचारलं, "चिखलात बी जवळ ठेवला होता?"

"हो बाई."

ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जावई उठून तिच्याजवळ गेला. लाईनभाऊंनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. पटलेमायचा फोन ते आदल्या दिवशीच भरून आले होते. पलीकडे उचलला गेला. सुनीता "माय" एवढंच म्हणाली. आम्ही दोघं अंगणात निघून आलो.

त्यानंतर लाईनभाऊंचा सल्ला द्यायचा झपाटा कमी झाला. भाव, रेंज, भाडं सगळं बोलून झालं की ते थांबायचे आणि विचारायचे, "भरनारा कोन हाये घरी?" उत्तर मिळालं नाही तर म्हणायचे, "मंग मी येत जाईन." आणि खरंच जायचे. सुटीच्या दिवशी, स्वतःच्या सायकलवर. ज्या ज्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी प्रीपेड घ्यायला लावलं होतं त्यांच्या घरोघरी. फोन हातात घ्यायचे, मुदत बघायचे, संपत आली असेल तर माझ्याकडून नेलेलं कुपन खरवडून भरायचे. पटल्यांकडे पुन्हा घरचा फोन बसवून देतो म्हणाले तेव्हा पटलेबाबांनी मान हलवली. "तार नको आता. तूच येत जाय."

पुढे माझं बूथ मोडलं, मोबाईलचं नीट दुकान झालं. लाईनभाऊ निवृत्त झाले आणि गोंदियाजवळ फुलचूरला दोन खोल्या बांधून राहू लागले. एका खाजगी कंपनीचा माणूस त्यांच्याकडे आला होता. तुमच्या नावावर तालुका विश्वास ठेवतो, आमचा बोर्ड लावा, घरबसल्या कमिशन. ते विचारायला माझ्याकडे आले, पण ठरवूनच आले होते. "बोर्ड लावला का मंग एकाच कंपनीचं गानं गावं लागन," म्हणाले, "आनं मले त नको बी म्हनता आलं पाहिजे." वहिनींनी या वेळी काही म्हटलं नाही. मुली नोकरीला लागल्या होत्या.

फुलचूरहून ते एसटीने यायचे आणि गावांच्या फेऱ्या करायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा मोठ्या मुलीने त्यांना रायपूरला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांनी मला मोटरसायकल काढायला लावली. मागे बसून मला घरोघरी नेलं. प्रत्येक अंगणात उतरून तेच सांगायचे, "आता हे येत जातीन. यायले बसाले सांगजा, चहा देजा. घाईचा मानूस हाये, पन चांगला हाये." माझ्याविषयी इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. गोंदिया स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "बूथवाले, पावसाळ्यात एक फेरी जास्त मारजा."

मी मारतो. आता बहुतेकांचे फोन पुण्या-नागपूरची मुलं तिथूनच भरतात. बोलणं फुकट झालं आहे, मुदतीचा निरोप आपोआप येतो. बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तरी मी गेलो की म्हातारी माणसं फोन माझ्या हातात देतात आणि मग त्यांना काय काय सांगायचं असतं ते सांगत बसतात.

लाईनभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने मला रायपूरहून केला. त्या रविवारी मी फेरीला निघालो तेव्हा घरोघरी तीच बातमी सांगणं आलं. कुणी डोळे पुसले, कुणी नुसतं आत जाऊन पाणी आणलं. शेवटी पटलेमायकडे गेलो. पटलेबाबा जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ती उन्हात धान पाखडत होती. ऐकलं आणि सूप तिने हळूच खाली ठेवलं.

"त्याची बायको कुठी हाये?"

"मुलीजवळ, रायपूरला."

"लावून दे तिले फोन."

मी नंबर लावून दिला. पलीकडे वहिनींचा आवाज आला आणि पटलेमाय कोण, कुठली, काही न सांगता एकदम बोलायलाच लागली. "तू त्याची घरवाली का? मी गोरेगावाकडून बोलून राहिली. तो येत होता माह्या घरी. किती वर्सं आला. मी दर येळी जेव म्हनो, तो म्हने, घरी वाट पाहत असंन." पलीकडून काही ऐकू येईना. पटलेमाय थांबली. पदराने फोन पुसला, पुन्हा कानाला लावला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, तू जेवली का आज?"

मी सूप उचलून बाजूला ठेवलं आणि अंगणात खाट ओढून बसलो. ऊन उतरलं तरी दोघींचं बोलणं चाललंच होतं.