भाकर मोडायच्या आधी

हसनाबादच्या ख्रिस्ती मंडळीची पुढारी म्हणून बेबीनंदाचं नाव निघालं, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकली ती बेबीनंदाच. बाई मुळात भित्री. शेजारच्या कुत्र्याला हाड म्हणायचं तरी आधी इकडंतिकडं बघायची. पण वाचन स्पष्ट, गळा गोड, आणि कुणाच्या घरी आजारपण आलं की न बोलावता जाऊन उशाशी बसायची. भोकरदनच्या पाळकांना महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच यायला जमे. मधल्या रविवारची उपासना आणि प्रभुभोजन तिच्याकडं सोपवून ते मोकळे झाले.

प्रभुभोजन ही येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण; या मंडळीत ते म्हणजे ज्वारीची एक भाकर आणि पेलाभर द्राक्षाचा रस. एकाच भाकरीतून सगळ्यांना घास. रीत साधी, पण कडक. मंडळीत कुणाचा अबोला असेल तर पुढाऱ्यानं उभं राहून तसं बोलून दाखवायचं, आधी तो मिटवायचा, मगच भाकर मोडायची.

आणि अबोला नेमका तिच्याच घरात होता. सासरे भिवा आणि चुलत सासरे आदिनाथ, दोघं सख्खे भाऊ. आदिनाथच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत भिवाचं नाव छापायचं राहून गेलं. चुकून राहिलं की मुद्दाम, ते प्रभूलाच ठाऊक. जिल्ह्याभरच्या सोयऱ्यांची नावं त्या पत्रिकेत दाटीवाटीनं बसली होती, फक्त थोरल्या भावाचं नव्हतं. भिवा लग्नाला गेला नाही. आदिनाथनं उपासनेला यायचं सोडलं.

सासऱ्यापुढं बेबीनंदानं कधी मान वर केली नव्हती. मामा म्हणायची, तेही चहाचा कप खाली ठेवताना, पदर सावरत. शिवाय मंडळी भरायची ती भिवाच्याच पत्र्याच्या खोलीत. म्हातारा बिथरला तर लोकांनी बसायचं कुठं? मग बाईनं सोपी वाट काढली. प्रभुभोजनच पुढं ढकलत राहिली. एका रविवारी पेला फुटला. एका रविवारी पाळक स्वतःच येणार असं कानावर आलं होतं म्हणे. एकदा तर द्राक्षंच मिळाली नाहीत म्हणाली, जालना जिल्ह्यात, ऐन हंगामात. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. कळत सगळ्यांना होतं.

असे बरेच महिने गेले. भिवा-आदिनाथची आई गोजरबाई तोवर अंथरुणाला खिळली. एका दुपारी बेबीनंदा तिचे केस विंचरत होती, तेव्हा म्हातारीनं हळूच विचारलं, "बाई, भाकर कव्हा मोडनार तू? म्या तशीच जाऊ का?"

बेबीनंदानं कंगवा खाली ठेवला. तिनं अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला असलेल्या नवऱ्याला फोन लावला. बापाच्या नादी लागू नको, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. मग ती प्रार्थनेच्या रिकाम्या खोलीत गेली, सतरंजीवर बसली आणि पोटभर रडली. प्रार्थना कसली, तक्रारच ती. मलाच कशाला उभं केलंस, दुसरं कुणी दिसलं नाही का, मला मामांची भीती वाटते. बोलता बोलता तिला उमगलं की इतके दिवस आपण मंडळी सांभाळतच नव्हतो, सासऱ्याचा राग सांभाळत होतो. मंडळी तर प्रभूची. त्याला ती सांभाळता येईल, एवढा भरवसा आपण का ठेवू नये? भीती काही गेली नाही. पण ती उठली आणि रविवारच्या भाकरीचं पीठ चाळायला बसली.

रविवारी गोजरबाईला खाटेसकट खोलीत आणलं. गीतं झाली. फडक्याखाली भाकर ठेवून बेबीनंदा उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत भिवा. तिनं मान वर केली.

"मामा, धाकल्या मामांशी तुमचा अबोला हाय. तो मिटल्याबिगर मला भाकर मोडता येत न्हाई."

भिवानं तिच्याकडं पाहिलं, टोपी उचलली आणि तो दाराबाहेर निघून गेला.

मागून कुणीतरी सुचवलं, माणूस तर गेला, आता मोडून टाक. बेबीनंदानं नकारार्थी मान हलवली. भाकरीपाशी खाली बसली आणि मनातल्या मनात म्हणाली, माझं मी केलं, आता पुढचं तुझं. तिला एकटीला सोडून कुणीही उठलं नाही. डोक्यावरचे पत्रे तापले, पोरं कुरकुरायला लागली, तरी सगळे बसून राहिले.

बऱ्याच वेळानं दारात चपला वाजल्या. भिवा होता, आणि त्याच्यामागं खाली मान घालून आदिनाथ. दोघांचे डोळे लाल. आदिनाथ सरळ आईच्या खाटेपाशी गेला आणि तिचे पाय चेपत बसला. भिवा सुनेसमोर येऊन उभा राहिला.

"मला धाकल्याकडं जा म्हननारं कोनीच न्हवतं, बाई," तो म्हणाला. "समदे मला भिऊन राह्यल्ते. आन् म्या त्याच्या दाराला भिऊन राह्यल्तो."

बेबीनंदानं फडकं काढलं, भाकर मोडली आणि पहिला घास रसात भिजवून गोजरबाईच्या ओठांशी धरला. म्हातारीनं तो सावकाश खाल्ला. मग बेबीनंदा वळली, तर समोर भिवा गुडघे टेकून, सुनेपुढं ओंजळ पसरून बसला होता. तिनं सवयीनं पदर सावरला आणि त्या ओंजळीत भाकर ठेवली.